दोर धरणारी दमयंती

पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागून शिरढोण मागे टाकलं की थोड्याच वेळात एक भलामोठा सिमेंटचा हत्ती दिसायचा. सोंडेत दिव्यांची माळ, पाठीवर राजवाडा आणि चेहऱ्यावर पासबुक परत करणाऱ्या बँकेच्या साहेबाचा भाव. हा पार्कचा दरवाजा. आत पाळणे, खोटा धबधबा, खोटा किल्ला, आणि सुट्टीच्या संध्याकाळी आधी परेड, मग आतषबाजी. मुंबई-पुण्याहून लोक पोराबाळांना घेऊन यायचे, दिवसभर रांगांत उभे राहायचे आणि खूश होऊन घरी जायचे. आपल्या लोकांना रांगेत उभं राहायला आवडत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

दमयंती तिथे दोर धरायची. तिच्या ओळखपत्रावर ‘गर्दी मार्शल’ असं काहीतरी भारदस्त लिहिलेलं होतं, पण पार्कात सगळे तिला दोरवाली मावशी म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं. परेडच्या रस्त्याच्या कडेने, आणि नंतर आतषबाजीच्या मैदानाच्या अलीकडे, ती आणि तिच्यासारख्या बाया दोर धरून उभ्या राहायच्या. दोराच्या पलीकडे नाचणारी अस्वलं आणि पऱ्या, अलीकडे माणसं. तसं बघायला गेलं तर काम एवढंच.

पण दोर धरणं म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी धरणं नव्हे. दोर ताणायचा नसतो. ताणलेला दोर दिसला की भल्या घरच्या माणसालाही तो ढकलून बघावासा वाटतो. तो कमरेशी सैल धरायचा, तोंड गर्दीकडे ठेवायचं आणि ‘दादा, एक पाऊल मागे’ म्हणायचं. पाऊल एकच मागायचं. दोन मागितली की भांडण. कार्यक्रम संपत आला की बाप लोक खांद्यावरची पोरं खाली उतरवायला लागतात. ते दिसलं की वाट मोकळी करून गर्दीच्या पुढे आपणच चालू लागायचं, सावकाश, बाजारातून घरी निघाल्यासारखं. माणसं पुढच्याच्या पाठीकडे बघून चालतात. हे सगळं तिला तिचा सुपरवायझर धर्मराज याने शिकवलं होतं. तो बेलपाड्याचा. गावच्या जत्रेत पालखीपुढची गर्दी सांभाळता सांभाळता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

“मावशी, मजा आहे तुमची, रोज फुकट आतषबाजी!” असं एखादा हौशी गृहस्थ म्हणायचाच. दमयंती “हो ना” म्हणायची. तिची पाठ मैदानाकडे असायची. इतक्या वर्षांत आकाशात काय फुटतं ते तिने वळून पाहिलं नव्हतं, आणि पाहावंसं वाटलंही नव्हतं. डोक्यावर धडाधड बार उडत असताना ती शांतपणे समोरच्याच्या चपलेचा अंगठा दोराच्या पुढे आलाय का ते बघायची. नवीन लागलेल्या पोरी पहिल्या बारालाच दचकायच्या. हिची पापणी लवत नसे.

त्याला कारण होतं. हिच्या गावात बार रोज उडत होते.

दमयंतीचं गाव खाडीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आगरी वस्ती, भातशेती, मिठागरं. विमानतळ येणार, विमानतळ येणार, हे गाव इतकी वर्षं ऐकत होतं की ऐकता ऐकता पोरींची लग्नं झाली आणि त्यांच्या पोरी शाळेत जायला लागल्या. मग तो खरंच आला. आधी कागद आले, मग मोजणीवाले, मग डोंगर फोडायला सुरुंग. दुपारी जेवणं उरकली की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरातलं जे काय चाललं असेल ते टाकून बाहेर पडायचं आणि गावाबाहेर खाडीकाठच्या मोकळ्या खाजणात जाऊन बसायचं. गॅस बंद, दार उघडं. बंद दार धक्क्याने आवळून बसतं, मग उघडायला सुतार लागतो. कोणी देव्हाऱ्यातले देव पदरात घ्यायची, कोणी कोंबडी बगलेत मारायची. सुरुंग उडायचे, पायाखालची जमीन हलायची, धूळ यायची. दुसरा भोंगा झाला की सगळे घरी. असं वर्षभर चाललं. पुढे पुढे बाया खाजणात येताना वालाच्या शेंगा घेऊन यायला लागल्या, तेवढ्यात सोलून होतात म्हणून. माणूस कशालाही सरावतो, हे काही फारसं अभिमानाचं नाही.

गावातल्या लोकांना बाहेर काढायचं काम आपोआप दमयंतीकडे आलं. “तुला गर्दीतला कलतं गो,” असं म्हणून पुढाऱ्यांनी ते तिच्या गळ्यात घातलं आणि आपण मोकळे झाले. पार्कची पाळी दुपारनंतर, त्यामुळे सुरुंगाच्या वेळी ती गावातच असायची. भोंगा झाला की ती आळीतून चालत निघायची. “चला, बाहेर चला. चला गो, बाहेर चला.” आवाज चढवायची नाही. तिच्यामागून म्हाताऱ्याकोताऱ्या, बाळंतिणी, शाळा बुडवलेली पोरं अशी सगळी वरात खाजणाकडे निघायची.

पहिल्या सुरुंगाच्या दिवशी ती रात्रभर रडली होती. फळीवरची भांडी खाली आली होती, भिंतीला चीर गेली होती, आणि त्या भिंती तिने स्वतः दर दिवाळीला सारवल्या होत्या. मग काही दिवस तिला राग यायचा. दिसेल त्याच्यावर ओरडायची. मग तोही गेला. कधी गेला ते तिला सांगता आलं नसतं. आता भोंगा झाला की पाय उठायचे, तोंडातून ‘चला, बाहेर चला’ निघायचं, आणि मनात काही नसायचं. शेजारची घरं एकेक करून रिकामी झाली, सामानाचे टेम्पो निघाले, बाया गळ्यात पडून रडल्या. दमयंती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि टेम्पोचं मागचं फाळकं नीट लागलंय का ते बघायची. दगड झालीय ही, असं बाया मागे बोलायच्या. ते तिच्या कानावर आलं, आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही.

एकच माणूस तिच्या हाकेला उठत नव्हता, आणि तो तिचा नवरा होता.

काशिराम तसा भांडखोर नव्हता. एकेकाळी मिठागरात काम केलेला, कमी बोलणारा, जेवणात मीठ कमी पडलं तरी न बोलणारा माणूस. बाजारात जायचा, खाडीवर जायचा, पोरीला भेटायला रोडपालीला जायचा. पण भोंगा वाजला की घरात जाऊन माजघरात खांबाला टेकून बसायचा. सुरुंग उडायचे, कौलांतून माती गळायची, आणि दुसरा भोंगा झाल्यावर दमयंती धावत घरी यायची तेव्हा हा डोक्यावर माती घेऊन तसाच बसलेला असायचा.

“अवो, सगला गाव बाहेर येतो. तुमालाच काय झालाय?”

“मी नाय येनार.”

“सुरुंगाचा दगूर आला कौलातून तर?”

“आला तर आला.”

ह्याच्यापुढे संभाषण कधी गेलं नाही. तिने विनवलं, अबोला धरला, पोरीला, कोमलला, फोन लावून दिला. रोडपालीला कोमलच्या शेजारची खोली घेऊन ठेवली होती, ट्रंका तिकडे जाऊनही पडल्या होत्या. हा जागचा हलेना. पुढच्या आळीतल्या एका रिकाम्या घराच्या कौलांतून नारळाएवढा दगड आत येऊन पडला, तो सगळ्यांनी जाऊन पाहिला. काशिरामनेही पाहिला. दुसऱ्या दिवशी भोंग्याला तो पुन्हा खांबापाशी. गावात थट्टा व्हायची. पार्कातली एवढी गर्दी हलवते आणि घरचा एक माणूस हिला हलवत नाही! दमयंती हसायची आणि खाजणात बसून आपल्या घराच्या उघड्या दाराकडे बघत राहायची. बाकी सगळं तिच्यातून गेलं होतं, पण त्या दारातून हा माणूस बाहेर यावा एवढं एक मागणं उरलं होतं. दुसरं ती कुठल्याच देवाकडे काही मागत नव्हती.

त्या वर्षी दिवाळीत पार्काने कामगारांच्या गाववाल्यांना फुकट पास दिले. सुट्टी असल्यामुळे सुरुंग बंद होते. उरलेलं गाव टेम्पो करून निघालं. काशिराम येणारच नव्हता, पण त्याची आत्या ठमाबाई त्याच्या दारात येऊन बसली. ही ठमाबाई म्हणजे वयाने ऐंशीकडे झुकलेली, दात एकही नाही आणि जीभ दोन माणसांना पुरेल अशी.

“काशा, मरायच्या आदी मना दारूकाम बगायचा हाय. माजा हात कोन धरील? तुजा बाप उठून येनार हाय का?”

आत्यापुढे काशिरामचं काही चालत नसे. तो आला.

पार्कात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पाळी सुरू होतानाच्या बैठकीत साहेबांनी नवी गोष्ट सांगितली होती. इतके दिवस आतषबाजीच्या आधी एक गाणं लागायचं, पण गर्दीच्या गलक्यात ते कोणाला ऐकू जात नसे. म्हणून आजपासून भोंगा. भोंगा झाला की मैदान रिकामं, सगळे दोराच्या मागे, मार्शल आपापल्या जागी. “समजलं का?” साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दमयंतीनेही डोलावली. तिला समजलं होतं. हे सांगणं जरूर आहे, कारण नंतर चौकशीत सगळ्यांना वाटलं की बाईला सूचना मिळालीच नसावी.

संध्याकाळी परेड छान झाली. ठमाबाईने अस्वलाचा हात धरून त्याला ‘घाम आला असंल ना रे आत?’ असं विचारलं, आणि आतून ‘हो आजी’ असं उत्तर आल्यावर ती अर्धा तास हसत होती. परेडनंतर दमयंतीने गाववाल्यांना आपल्याच दोराशी, अगदी पुढे, गवतावर बसवलं. तेवढं आपल्या माणसांसाठी कोणीही करतं. काशिरामचे गुडघे दुखत होते, म्हणून तो मागे, मक्याच्या कणसांच्या गाडीजवळच्या बाकावर बसला.

दिवे मालवले. गर्दी शांत झाली. आणि भोंगा वाजला.

गाव उठलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही, कोणी काही विचारलं नाही. ठमाबाईने पदर खोचला, एका बाईने बाजूला बसलेलं पोर उचलून काखेत मारलं, आणि सगळे समोरच्या मोकळ्या मैदानाकडे वळले. मोकळं रान तेच होतं. मागे भिंती, दुकानं, खोटा किल्ला; भोंगा झाल्यावर तिकडे कोण जाईल? आणि दमयंतीने, जिचा हातच गर्दी अडवण्यासाठी होता, तो दोर डोक्याच्या वर उचलून धरला आणि ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “चला, बाहेर चला. चला गो.”

गाव दोराखालून गेलं. त्यांच्या मागून मुंबई-पुणे गेलं. पुढे जागा मिळतेय म्हटल्यावर आपली माणसं कारण विचारत बसत नाहीत. खांद्यावर पोरं, हातात मोबाइल, अशी शे-दोनशे माणसं बघता बघता मैदानात शिरली आणि दमयंती दोर टाकून त्यांच्या पुढे सावकाश चालत राहिली.

पहिला बार उडाला तेव्हा ती वर पाहत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडासमोर आकाश आलं होतं. लाल फूल फुटलं, फार खाली फुटलं, आणि जळके कागद डोक्यावर पडायला लागले. मागे धर्मराज वॉकीटॉकीवर घसा फोडून ‘थांबवा, थांबवा’ ओरडत होता. पेटवलेलं परत घेता येत नाही. आणखी दोन-तीन बार उडाले. बाया किंचाळल्या. एक ठिणगी ठमाबाईच्या पदरावर पडली आणि तिने ती चापट मारून विझवली. दमयंती उभी होती. आपण काय केलं हे तिला स्वच्छ कळलं होतं. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटत नव्हती. अंगावर कागद पडत होते आणि ती ते पडू देत होती.

तेवढ्यात कोणीतरी तिचं मनगट धरलं. काशिराम होता. मक्याच्या गाडीजवळून, दुखऱ्या गुडघ्यांनी, एवढी गर्दी कापत तो मैदानात आला होता. धापा टाकत होता. चप्पल एकाच पायात होती.

“मागं चल,” तो म्हणाला. “दमयंती, मागं चल.”

आगऱ्यांत त्या वयाचा नवरा बायकोला चार माणसांत नावाने हाक मारत नाही. ठमाबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

मग दमयंतीच्या पायांना आपलं काम आठवलं. तिने ठमाबाईचा हात धरला आणि ती दोराकडे परत चालायला लागली, घाई न करता. गाव तिच्यामागे वळलं, आणि गावामागून बाकीचे वळले. चेंगराचेंगरी झाली नाही. ठमाबाईच्या पदराला भोक, एकाच्या मानेला चटका, एका पोराचा बूट हरवला, याच्यावर निभावलं. साहेबांनी दमयंतीला ओळखपत्र जमा करायला सांगितलं आणि कळवू असं म्हणाले. ओरडले नाहीत. धर्मराज तिला दरवाजापर्यंत सोडायला आला आणि हत्तीपाशी बराच वेळ मिशा चोळत उभा राहिला. “माझाही हात असाच वर गेला असता कधीतरी,” तो म्हणाला. ते खोटं होतं, पण माणूस चांगला.

टेम्पोत काशिराम तिच्या शेजारी बसला होता. तिला त्याला विचारायचं होतं की, वर्षभर नाय उठलात, आज कसे उठलात? पण विचारायला जी ओढ लागते ती तिच्यात नव्हती. नोकरी गेली, तेही तिने टेम्पोतच एकदा मनाशी म्हणून पाहिलं. कुठे काही हललं नाही.

दिवाळी संपली, सुरुंग पुन्हा सुरू झाले. पहिल्याच दुपारी जेवणं झाल्यावर भोंगा वाजला. दमयंती उठली, गॅस बंद केला, दार उघडं टाकलं. काशिराम खांबापाशी बसला होता. त्याला काही न म्हणता ती आळीतून निघाली. “चला, बाहेर चला.” हाक मारायला घरंही फार उरली नव्हती. खाजणात येऊन ती आपल्या जागी बसली. ठमाबाई वालाच्या शेंगा घेऊन आली होती.

आणि काशिराम दारात आला. चपला घातल्या. मागे वळून त्याने दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि चालत चालत खाजणात येऊन दमयंतीच्या शेजारी बसला.

ठमाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. “काशा, आलास रे!” ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. बाकीच्या बायाही पुढे सरकल्या. कोणी हसलं, कोणी देवाला हात जोडले. दमयंतीने ज्याच्यासाठी वर्षभर नवस बोलले होते ते शेजारी येऊन बसलं होतं. तिने स्वतःच्या मनात आनंद शोधला. तो असायला हवा होता. सुरुंग उडाले, जमीन हलली, धूळ आली आणि बसली. माणूस सुरक्षित होता. तिला फक्त थकल्यासारखं वाटलं.

दुसरा भोंगा झाला. लोक उठले, पदर झटकले, घरांकडे निघाले. दमयंतीही उठली.

“चला,” ती म्हणाली.

काशिराम बसूनच होता. घराकडे बघत होता.

“अवो, झाला आता. चला, चाय ठेवते.”

“तू जा.”

“म्हंजे?”

खाजणातली माती बोटाने उकरत तो म्हणाला, “बाजाराला जातो, ती गोष्ट येगली. परत यायला जातो. भोंग्यानं मानूस बाहेर काडला म्हंजे घर सुटला. मना म्हाईत व्हता. एकदा उठलो का परत आत जानं व्हायाचा नाय. म्हून उठत नवतो. त्या दिशी भोंग्याला तुजासाठी उठलो. आता बसवत नाय आत.”

दमयंतीने घराकडे पाहिलं. सगळ्या आळीत दारं उघडी होती आणि हिचंच एक बंद होतं. वर्षभर ती रोज भोंग्याला घर सोडत होती आणि रोज परत येऊन चूल पेटवत होती, आणि यातलं कुठलं सोडणं खरं हे तिने कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. घर न सोडणं तेवढं एक या माणसाने आपल्याजवळ धरून ठेवलं होतं. आणि ते सोडायला लावायला तिने किती जोर लावला होता! तिच्या छातीत काहीतरी जोराने दुखलं. इतक्या दिवसांत काही दुखलं नव्हतं, त्यामुळे ते काय आहे हे कळायलाच तिला वेळ लागला. तिला घर हवं होतं. आत्ता, या घटकेला, ते घर आणि त्यात खांबाला टेकून बसलेला हा माणूस, दोन्ही जसंच्या तसं हवं होतं.

ती खाली बसली आणि तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

“अवो,” ती म्हणाली, “चला ना आत. माजासाठी चला. एकदाच.”

ठमाबाई लांबून हाक मारत होती. काशिरामने आपला हात तिच्या हातात तसाच राहू दिला, पण तो उठला नाही.